सांगलीची २०१८ ची रॉयल एनफील्ड हिमालयन मोटारसायकल बघायला चाललोय, टूरिंगसाठी सेकंडहँड घेताना काय काय तपासू?

घाटवाट:
नमस्कार मंडळी. गेली नऊ वर्षं १५० सीसीची गाडी चालवतोय, त्याच गाडीवर आंबोलीमार्गे गोवा झालं, कोकण किनारा झाला, पण आता बायको मागे बसली की तीन तासांत दोघांची कंबर जाते आणि घाटात चढाला गाडी दम सोडते. नवी मोठी गाडी बजेटमध्ये नाही. हातात सव्वा लाख आहेत, त्यात गाडी पण आणि घेतल्यावरची दुरुस्ती पण बसवायची आहे. हिमालयन ४११ वर मन बसलंय, कारण सीट ८०० मिमी उंचीची, म्हणजे बायकोलाही अधूनमधून चालवता येईल, टाकी १५ लिटरची, आणि आम्हाला वेगाची हौस नाही, दिवसभर ७०-८० ने आरामात जायचंय.

सांगलीत एक सापडलीये. जून २०१८ ची, एमएच-१०, ३१ हजार किमी, सिंगल ओनर, १ लाख १५ हजार सांगतायत. फोटोत गाडी चकचकीत आहे. शनिवारी पुण्यातून बघायला जातोय. मालक म्हणाले ५ हजार टोकन टाका म्हणजे दुसऱ्या कुणाला दाखवत नाही. टाकू का? आणि तिथे गेल्यावर नक्की काय काय बघायचं? मला तेल बदलणं आणि चेनला ल्यूब मारणं यापलीकडे फारसं कळत नाही.

थंड_इंजिन:
टोकन अजिबात नको. गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका, गेली तर गेली, गाड्या खूप आहेत.

नाशिकला माझं छोटं गॅरेज आहे, १४ वर्षं झाली, त्यामुळे जे रोज बघतो ते सांगतो. शुक्रवारी रात्रीच फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर बाकी काही बोलायच्या आधी इंजिनला हात लावून बघा. गरम असेल तर बसा, चहा प्या, गप्पा मारा, दोन तास जाऊ द्या. थंड इंजिन चालू होताना पहिली पंधरा-वीस सेकंदं जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही. टायमिंग चेन सैल असेल तर तेव्हाच खळखळ ऐकू येते, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी निळसर धूर तेव्हाच दिसतो. निळा धूर म्हणजे तेल जळतंय, व्हॉल्व्ह सील नाहीतर पिस्टन रिंगा. थंडीत सकाळी पांढरी वाफ येते ती दोन मिनिटांत थांबली तर घाबरायचं कारण नाही. टॅपेटची बारीक टकटक सिंगल सिलेंडरला असतेच, ती ॲडजस्ट होते, पण खालून येणारा जड ठोका ऐकला तर गाडी तिथेच सोडा.

हिमालयन ४११ ला रेडिएटर नाही, ऑईल कूलर आहे, म्हणून कूलंटचा प्रश्न नाही, तेलाचाच आहे. कूलरच्या पाइपांचे जोड आणि इंजिनचा खालचा भाग बोटाने पुसून बघा, ओलं लागतंय का. तेल भरायच्या झाकणाची आतली बाजू बघा. तिथे दुधासारखा चिकट थर असेल तर तेलात पाणी गेलंय.

मग मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागून खाली दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचलेल, आणि हँडल अगदी हळू डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध सरळ रेषेत आल्यावर खाचेत बसल्यासारखं अडकलं तर बॉल रेसर, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेला. खराब रस्त्यावर चाललेल्या गाड्यांचं हे ठरलेलं दुखणं, फार महाग नाही, पण किमतीत धरायचं. तसंच चाक वर उचललेलं असताना पुढच्या शॉकअपला खालून धरून पुढेमागे हलवा, खडखड नको. मागचं चाक दोन्ही हातांनी आडवं हलवून बघा, बेअरिंग किंवा चिमट्याचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश गेले असतील तर तिथे कळतं. चाकाच्या तारांवर स्क्रूड्रायव्हरने एकेक करून टिचकी मारा, सगळ्यांचा आवाज साधारण सारखा यायला हवा, एखादी तार ठप्प वाजली तर सैल आहे.

पंचगंगाकाठ:
भावा एमएच-१० आणि २०१८ ची म्हणतोस, मग सगळ्यात आधी एकच विचार, गाडी पुरात होती का? ऑगस्ट २०१९ ला सांगली-कोल्हापुरात काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, जुलै २०२१ ला परत आलं. माझ्या गल्लीतच त्या वेळी वीस-पंचवीस गाड्या पाण्याखाली होत्या. लोकांनी धुतल्या, पॉलिश केल्या, त्यातल्या कितीतरी पुढं पुण्यामुंबईला विकल्या गेल्या. आमच्याकडच्या सगळ्याच गाड्या तसल्या असं म्हणत नाही, अर्धी सांगली कोरडीच होती, पण विचारल्याशिवाय राहू नको.

आणि नुसतं विचारून भागत नाही, बघायचं कुठं ते सांगतो. सीट काढ आणि खालचे वायरिंगचे कनेक्टर दोन-तीन ठिकाणी उघड. आतली पिन हिरवी पडली असली तर पाणी गेलंय. एअर फिल्टरचा डबा उघड, कोपऱ्यात वाळलेल्या चिखलाची बारीक रेघ राहते. हॉर्नच्या आत, हेडलाईटच्या काचेच्या आत, मीटरच्या कडेला बघ. पुराचा गाळ कुठल्या कुठं बसतो, वरनं कितीबी धुतलं तरी तो आत राहतोच. सीटच्या फोमला नाक लावून वास घे, खरंच सांगतोय, तो वास जात नाही.

कागद_आधी:
घाटवाट दादा, निघायच्या आधी घरबसल्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकून बघा. मालक कितवा, नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी चालू आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बँकेचा बोजा आहे का ते कळतं. कितीतरी लोकांचं कर्ज फिटलेलं असतं पण आरसीवरून बोजा उतरवलेलाच नसतो. अशा वेळी बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवायचा अर्ज, लागतो. ते काम विकणाऱ्याने करून द्यायचं, "तुम्हीच करून घ्या, एनओसी देतो" याला हो म्हणू नका, माझ्या भावाचे त्यात पाच महिने गेले.

तिथे गेल्यावर चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा. नंबर खरवडल्यासारखा, पुन्हा ठोकल्यासारखा दिसला तर पुढे काही बघूच नका. ई-चलनं ऑनलाइन दिसतात, ती सौदा व्हायच्या आधी त्यांच्याकडूनच भरून घ्या.

विम्याची एक युक्ती सांगते, ही फार लोक बघत नाहीत. मालकाकडे जुन्या पॉलिस्या मागा, निदान मागच्या चार-पाच वर्षांच्या. प्रत्येकीवर नो क्लेम बोनस किती टक्के ते लिहिलेलं असतं. क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५ असा ५० पर्यंत चढत जातो. मध्येच एखाद्या वर्षी शून्य झाला असेल तर त्याआधी क्लेम झालाय, किंवा पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त काळ बंद राहिली होती. दोन्हीपैकी काय ते विचारा. पंचगंगाकाठ म्हणतायत ती पुराची शंका इथे पण तपासता येईल, २०१९ किंवा २०२१ च्या पावसाळ्यानंतरची पॉलिसी बघा.

आणि व्यवहार झाला की मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. सांगलीचा नंबर तसाच राहील, राज्यातल्या राज्यात नवा नंबर लागत नाही. गोवा किंवा कर्नाटकची गाडी घेतली असती तर तिथल्या आरटीओची एनओसी, फॉर्म २८, वर इथला टॅक्स, हा सगळा वेगळा खर्च असतो, त्यामुळे तिकडची गाडी स्वस्त वाटली तरी ते जोडून बघावं लागतं. २०१८ ची गाडी म्हणजे एप्रिल २०१९ च्या आधीची, तिला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबरप्लेट) पाटी बसवलीये का तेही बघा.

घाटवाट:
बापरे, एवढं सगळं डोक्यातच नव्हतं. नो क्लेम बोनसचं तर पहिल्यांदाच ऐकलं. टोकन देत नाही, कळवलं त्यांना, ते ठीक आहे म्हणाले.

अजून एक, ३१ हजार किमी जास्त नाहीत ना? मित्र म्हणतो २० हजारांच्या वर सेकंडहँड घेऊच नये.

संत्रानगरी:
भाऊ किलोमीटरच्या मागे नका लागू. माही गाडी ७० हजार झाली, नागपूरहून तीन वेळा हिमाचल जाऊन आली, आजही एका सेल्फमध्ये चालू होते. जी गाडी दोन दोन वर्षं पार्किंगमध्ये उभी राह्यली तिचे सील सुकतात, टाकीला आतून गंज लागते, ब्रेकचा पिस्टन अडकते, आणि लोक मीटर बघून खूश होतात की ८ हजारच झाले म्हणून. किलोमीटरपेक्षा सर्व्हिसची फाईल बघा. प्रत्येक बिलावर त्या दिवसाचं रीडिंग असते, ते तारखेप्रमाणे लावा, मीटर मागे केलं असलं तर तिथे दिसून येते. आणि फूटरेस्टचं रबर, हँडलच्या ग्रिप, ब्रेकची डिस्क, ह्या खोटं बोलत नाहीत. १५ हजाराच्या गाडीची डिस्क काठाला उंबरठ्यासारखी उभी असेल तर काहीतरी गडबड आहे.

सॅडलबॅग:
टूरिंगला वापरलेली गाडी असेल तर आणखी दोन गोष्टी बघाव्या लागतात, त्या रोज ऑफिसला नेलेल्या गाडीत फारशा नसतात. मी ठाण्याहून दोनदा लडाखला गेलेय आणि दोन्ही वेळा ग्रुपमध्ये कुणाची ना कुणाची मागची फ्रेम किंवा रॅक तडकला. लोक मागे दोन बॅगा, वर टेलबॅग, वर पेट्रोलचा कॅन आणि पिलियन (मागे बसणारा), असं सगळं लादतात आणि खड्ड्यात त्याचा दणका मागच्या नळीला बसतो. म्हणून सीट काढून जिथे रॅकचे बोल्ट येतात आणि जिथे मागची फ्रेम मुख्य फ्रेमला मिळते तिथे टॉर्च मारून बघा. रंगाला केसासारखी चीर, किंवा कंपनीच्या वेल्डिंगपेक्षा जाडाभरडा दुसरा वेल्ड, किंवा तेवढ्याच भागाला नवा काळा रंग, यातलं काही दिसलं तर सरळ विचारा.

दुसरं म्हणजे जादा लाईटं. फॉग लाईट, मोबाईल चार्जर, जीपीएस, हीटेड ग्रिप, जे काही लावलंय त्याची वायर कुठून घेतलीये ते बघा. रिले आणि फ्यूज टाकून थेट बॅटरीवरून घेतली असेल तर चांगलं काम आहे. मूळ वायरिंग सोलून टेपने गुंडाळलं असेल तर पावसात रात्री ताम्हिणीत सगळं एकदम बंद पडू शकतं. साधा मल्टिमीटर बरोबर न्या. गाडी बंद असताना बॅटरी साधारण १२.५ च्या वर, आणि चालू करून थोडी रेस दिली की १३.८ ते १४.४ च्या आसपास दाखवायला हवी. लाईटं लावल्यावर ती खाली घसरत राहिली तर चार्जिंगचा प्रश्न आहे.

आणि वहिनींना बरोबर न्या! तुम्ही दोघं फिरणार आहात ना, मग दोघांनी बसून टेस्ट राइड घ्या. एकट्याने चालवताना मागचा शॉक गेलेला कळतच नाही. त्यांना चालवायची असेल तर त्यांना ती स्टँडवरून काढून बघू दे, १९० किलोच्या वर गाडी आहे, सीटची उंची एक आणि वजन पेलणं वेगळं.

थंड_इंजिन:
सॅडलबॅग ताईंचं फ्रेमचं एकदम बरोबर. त्यात एक भर घालतो, हँडल पूर्ण वळवल्यावर ते फ्रेमला जिथे टेकतं तो लोखंडी ठोकळा बघा. तो वाकलाय किंवा त्याचा टवका गेलाय तर गाडी समोरून जोरात धडकलीये, वरचं प्लास्टिक कितीही नवं असो. लिव्हरची टोकं, फूटरेस्टची टोकं, लेग गार्ड घासलेले असणं वेगळं, ते उभी गाडी पडूनही होतं, त्यावरून गाडी नाकारू नका.

टेस्ट राइडला चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ५० च्या आसपास असताना एकदम पूर्ण ॲक्सिलरेटर द्या. आरपीएमचा काटा पळाला आणि गाडी मागे राहिली तर क्लच प्लेट संपल्या. चेन मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या बाजूने बोटाने ओढा, दात अर्ध्यापर्यंत उघडा पडला तर चेन स्प्रॉकेट नवा घ्यावा लागणार. किल्ली फिरवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागायलाच हवा आणि चालू झाल्यावर विझायला हवा. सुरुवातीलाच लागत नसेल तर कुणीतरी तो बंद केलाय. आणि २०१८ ची गाडी आहे म्हणून आधी विचारा एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) आहे का, कारण १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून, २०१८ च्या गाड्या दोन्ही प्रकारच्या मिळतात. टूरिंगला मी तरी एबीएसवालीच घ्या म्हणेन, पावसात घाटातल्या वळणावर समोर म्हैस आली की तेव्हा कळतं.

घाटवाट:
जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी इतका वेळ दिलात.

मालक भला माणूस. इंजिन थंड होतं, आवाज छान, धूर नाही, एबीएस नाही. कागद सगळे फाईलमध्ये लावलेले. कागद_आधी ताई, तुमच्या सांगण्यावरून पॉलिस्या बघितल्या, २०२१ ला २५ टक्के आणि २०२२ ला शून्य. मी काही बोललो नाही, सीट काढू का विचारलं. कनेक्टर उघडला तर पिन हिरवीगार. मग एअर फिल्टरचा डबा उघडला आणि कोपऱ्यात ती तपकिरी रेघ, अगदी पंचगंगाकाठ म्हणाले तशीच. बायको हेडलाईटजवळ वाकून बघत होती, तिला काचेच्या आत खालच्या बाजूला गाळ दिसला.

मग मी सरळ विचारलं, दादा गाडी पुरात होती का. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले हो, २०२१ ला, चार दिवस पाण्यात होती, खालच्या मजल्यावरचं सगळंच गेलं, गाडीचं काय घेऊन बसलात. क्लेममधून इंजिन उघडून दुरुस्त केलं, वायरिंग तेच आहे. आधी सांगितलं नाही कारण पुराची म्हटलं की लोक फोन ठेवतात. मला त्यांचा राग आला नाही, खरं सांगतो, भिंतीवर पाण्याची खूण अजून आहे त्यांच्या घरात, माझ्या छातीपर्यंत येते. चहा पिऊन निघालो. निघताना म्हणाले ८५ हजारांना घ्या.

आता प्रश्न पडलाय, ८५ मध्ये घेऊन ३० हजार खर्च केले तरी बजेटमध्येच आहे. घेऊ का?

थंड_इंजिन:
टूरिंगसाठी नको. इंजिन उघडून साफ होतं, वायरिंग होत नाही. तांब्याच्या वायरीत पाणी शिरलं की ते इन्सुलेशनच्या आतून वर चढत जातं आणि गंज वर्षानुवर्षं पसरत राहतो. आज गाडी ठीक आहे, सहा महिन्यांनी फ्यूएल पंप अधूनमधून बंद पडेल, मग इंडिकेटर, मग सेन्सर, आणि कुठला जोड खराब आहे ते शोधण्यात मेकॅनिकचा दिवस जाईल. गावात चालवायला हरकत नाही. गॅरेजपासून दोनशे किलोमीटर लांब, मागे बायको बसलेली असताना, ही गाडी नको.

पंचगंगाकाठ:
मी थोडं वेगळं म्हणतो दादा. माझी स्वतःची गाडी २०१९ ला बुडाली होती. पाणी उतरल्या उतरल्या टेम्पोत घालून नेली, किल्ली लावलीच नाही, सगळं सुटं केलं, हार्नेस (वायरिंगचा अख्खा संच) पूर्ण नवा, बेअरिंग सगळे नवे, मीटर नवा. त्यानंतर ४० हजार फिरलीय, गोकर्णपर्यंत जाऊन आलोय, एकदा पण बंद पडली नाही. पुराची गाडी म्हणजे मेलेली गाडी असं नाही. पण त्यांना एवढं विचार, पाणी उतरल्यावर कुणी सेल्फ मारला होता का? ओल्या वायरिंगला करंट दिला की सगळं जळतं आणि सडतं.

घाटवाट:
फोन केला. पाचव्या दिवशी मुलाने चालू करून बघायचा प्रयत्न केला होता म्हणाले.

पंचगंगाकाठ:
मग सोड भावा.

घाटवाट:
पाच आठवड्यांनी परत आलोय. गाडी घेतली! साताऱ्याची, जुलै २०१९, एबीएस आहे, ३६ हजार किमी, दुसऱ्या मालकाकडून. तेच मॉडेल.

इंजिन थंड, आवाज स्वच्छ, कनेक्टर कोरडे आणि चमकदार, फाईलमध्ये ११ बिलं आणि रीडिंग सगळी ओळीने. पण हँडल फिरवलं तर मधोमध ती खाच लागली, मलाच लागली, आणि मला स्वतःला कळलं याचा फार आनंद झाला. चेन ओढल्यावर दात उघडा पडला. पुढच्या टायरवर चार आकडे होते २३१९, म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला, कंपनीतून आलेलाच, नक्षी संपत आलेली आणि बाजूला बारीक चिरा. मागचा टायर चांगला. हे सगळं कागदावर लिहून, जवळच्या गॅरेजमधून खर्चाचा अंदाज घेऊन त्यांच्यासमोर ठेवलं. साधारण १३ हजार निघाले. १ लाख १२ सांगत होते, ९८ ला ठरलं, फार घासाघीस करावीच लागली नाही कारण प्रत्येक आकड्यामागे दाखवायला वस्तू होती.

वेळ गेला तो बोजा उतरवण्यात. कर्ज दोन वर्षांपूर्वी फिटलेलं, आरसीवर तसंच. ताईंनी सांगितलं तसं मी अडून बसलो, आधी बोजा उतरवा मग पूर्ण पैसे. तीन आठवडे लागले. बायको म्हणत होती दुसरी बघू, पण थांबलो.

कागद_आधी:
अभिनंदन दोघांचं! आता विमा तुमच्या नावावर करायला १४ दिवसांच्या आत अर्ज टाका. नाहीतर गाडीचं स्वतःचं नुकसान झालं तर क्लेम अडतो. त्यांचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळणार नाही, तो माणसाचा असतो, गाडीचा नाही. आरसीवर तुमचं नाव आलंय ना ते ॲपमध्ये बघत राहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच अपघाताला जबाबदार धरला जातो, त्यामुळे सातारच्या मालकांनाही तुमच्याइतकीच घाई असायला हवी.

थंड_इंजिन:
मस्त. बॉल रेसर बदलल्यावर ५०० किमीने एकदा परत तपासून घ्या, नवा बसल्यावर थोडा सैल होतो. तारा पण तेव्हाच ताणून घ्या. ते होईपर्यंत लांब जाऊ नका.

सॅडलबॅग:
वहिनींनी चालवली का?

घाटवाट:
विम्याचा अर्ज टाकला. हो, बायकोने पाचगणीपर्यंत चालवली, पसरणी घाट तिनेच चढवला, मी मागे बसलो होतो. ती म्हणते स्टँडवरून काढायला जड आहे पण एकदा हलली की काही वाटत नाही.

अजून एक सांगायचं राहिलं. सांगलीच्या त्या दादांना फोन करून कळवलं की दुसरी घेतली म्हणून, आणि पंचगंगाकाठ यांनी हार्नेसचं जे लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. त्यांनी विकायची जाहिरात काढलीये. म्हणाले मुलाला कॉलेजला जायला ठेवतो, पण वायरिंग पूर्ण बदलून घेतो, तसं करणारा कुणी माहीत आहे का विचारत होते.

पंचगंगाकाठ:
आहे की. माझी ज्यानं केली तोच, मिरजेत आहे. त्या दादांचा नंबर मला व्यनि (खाजगी निरोप) कर, मी स्वतः घेऊन जातो त्यांना.